कामगारांचं गेट कुठलं?

मंडळी, आज एक कबुली द्यायची आहे. या वसंतात गराज आवरताना बुटांच्या एका खोक्यात सत्तरएक फोटो सापडले. मुलांच्या वाढदिवसांचे नाहीत, नायगाऱ्याचेही नाहीत. फुटक्या खिडक्या, पोपडे सुटलेल्या भिंती, फरशीवर साचलेलं पाणी आणि त्यात पडलेलं खांबांचं प्रतिबिंब! सौ. म्हणाल्या, "त्या स्टेशनाचे ना? अजून ठेवलेत?" ठेवलेत खरे. हे फोटो मी १९९३ साली काढले, आणि ते काढायला कुंपणाची वाकलेली जाळी उचलून, चोरासारखा, परक्याच्या इमारतीत शिरलो होतो.

ती इमारत म्हणजे डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल स्टेशन. मी त्या वेळी गाड्यांच्या सस्पेन्शनचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. दोन लहान मुलं, घराचं कर्ज आणि ग्रीन कार्ड असलेल्या मराठी माणसाने असल्या फंदात पडू नये, हे मलाही कळत होतं. कायद्याने तो गुन्हाच. शिवाय जुन्या इमारतीत ॲस्बेस्टॉस असतो, जिन्याच्या पायऱ्या दगा देतात, लिफ्टची भोकं उघडी असतात. म्हणून आधीच सांगतो, माझा कित्ता कुणी गिरवू नये. पण त्या रविवारी सकाळी त्या प्रचंड दालनात उभं राहून वर पाहिलं तेव्हा अंगावर जो काटा आला, तो आजही विसरलेलो नाही. कबुतरांच्या पंखांखेरीज कसलाही आवाज नव्हता. तिकिटांच्या खिडक्या होत्या, तिकीट मागणारं कुणी नव्हतं. वाटलं, एवढं सगळं आपल्या एकट्यासाठीच थांबलेलं आहे.

ओसाड वास्तूची ही ओढ काय असते? हा प्रश्न मी गेली तीस वर्षं या ना त्या पुस्तकात शोधत आलो. काही गोष्टी हाती लागल्या, त्या सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे हे वेड नवं नाही. अठराव्या शतकातल्या युरोपात ते साथीसारखं पसरलं होतं. पिरानेसीने कोरलेली रोमच्या अवशेषांची चित्रं घरोघरी टांगली जात. इंग्लंडमधल्या जमीनदारांना तर खरे अवशेष पुरेनात, तेव्हा त्यांनी बागेत मुद्दाम पडके बुरूज बांधून घेतले. म्हणजे नवीकोरी पडझड! फ्रान्समध्ये ह्यूबेर रोबेर नावाचा चित्रकार होता. पॅरिसच्या लूव्रचं संग्रहालय उभं करण्यात त्याचा हात होता, आणि त्यानेच १७९६ साली त्याच लूव्रची भव्य गॅलरी छप्पर उडालेली, गवत उगवलेली अशी कल्पून रंगवली. लंडनमध्ये सर जॉन सोन यांनी बँक ऑफ इंग्लंडची इमारत चार दशकांहून अधिक काळ बांधली, वाढवली, आणि १८३० साली जोसेफ गँडीने तीच इमारत भग्नावस्थेत असल्याप्रमाणे चितारली. आपण बांधलेलं एक दिवस पडणार आहे, हे पाहण्याची माणसाला भीतीही वाटते आणि चटकही असते.

आपल्या काळात या वेडाला पुन्हा भरती आली. १९९६ साली आमच्या शेजारच्या टोरोंटोत एका तरुणाने 'इन्फिल्ट्रेशन' नावाची छोटेखानी पत्रिका काढली. 'जिथे जाऊ नये अशा जागी' कसं जावं, हा तिचा विषय. त्या मंडळींचेही काही दंडक असतात. काही मोडायचं नाही, काही उचलायचं नाही, फक्त फोटो घेऊन परत यायचं.

आणि आपण मराठी माणसं तरी काय वेगळी? दर पावसाळ्यात पाठीवर पिशवी टाकून राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड चढणारी पोरं पडक्या वास्तूच पाहायला जातात. फरक एवढाच, की गडावर आपण पाहुणे म्हणून जात नाही. पडक्या सदरेवर बसलं तरी ती आपली सदर असते.

पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाची गोष्ट पाहायची तर आपल्याच अजिंठ्याची पाहावी. १८१९ सालच्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला आणि वाघूर नदीच्या घळीत त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यात शिरून त्याने खांबावरच्या चित्रावर आपलं नाव आणि २८ एप्रिल ही तारीख कोरून ठेवली. तो मलब्याच्या ढिगावर उभा होता, म्हणून ते अक्षर आज माणसाच्या डोक्याच्याही वर आहे. पुस्तकांत त्याने लेणी 'शोधली' असं लिहितात. पण आसपासच्या गावकऱ्यांना ती माहीत होतीच. त्यांची हरवलीच नव्हती, तर सापडणार कशी?

ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिचा संबंध पुढे येणार आहे.

आता त्या स्टेशनाकडे वळू. डेट्रॉइट नदीखालून कॅनडात जाणारा रेल्वेचा बोगदा १९१० साली सुरू झाला. त्याच्या तोंडाशी सोयीचं म्हणून नवं स्टेशन डाऊनटाऊनपासून पश्चिमेला, कॉर्कटाऊन या आयरिश वस्तीच्या बाजूला बांधायला घेतलं. न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल ज्या दोन वास्तुकार कंपन्यांनी रचलं, त्यांनीच हेही रचलं. पुढे रोमन स्नानगृहांच्या धर्तीवरचं, कमानदार छताचं प्रतीक्षालय आणि मागे अठरा मजली कचेऱ्यांचा मनोरा. त्या वेळी जगातलं ते सर्वांत उंच रेल्वे स्टेशन होतं. २६ डिसेंबर १९१३ ला शहरातल्या जुन्या स्टेशनाला आग लागली, आणि त्याच दिवशी घाईघाईने नव्या स्टेशनातून गाड्या सोडाव्या लागल्या.

आता योगायोग पाहा. त्याच १९१३ साली, त्याच शहराला लागून असलेल्या हायलँड पार्कमध्ये हेन्री फोर्डने मोटारीच्या जुळणीसाठी सरकता पट्टा सुरू केला. आणि ५ जानेवारी १९१४ ला, म्हणजे स्टेशन सुरू होऊन पंधरवडाही झाला नव्हता तेव्हा, आठ तासांना पाच डॉलर रोज देण्याची त्याची प्रसिद्ध घोषणा झाली. ज्या हिवाळ्यात स्टेशनाचा जन्म झाला, त्याच हिवाळ्यात त्याचा काळही त्याच्या शेजारीच जन्माला आला.

स्टेशन बांधणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं, की माणसं ट्रामने येतील, पायी येतील. मोटारी लावायला मोठी जागाच ठेवली नव्हती. स्टेशनावर येणारी ट्राम १९३८ च्या सुमारास बंद झाली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या गर्दीने फलाट पुन्हा गजबजले. एकेकाळी वरच्या कचेऱ्यांतून तीन हजारांवर माणसं काम करत. युद्धानंतर हायवे झाले, विमानं आली. १९५६ साली रेल्वेने इमारत विकायला काढली, गिऱ्हाईक मिळालं नाही. १९६७ साली मुख्य दार आणि प्रतीक्षालय बंद झालं. १९७१ साली ॲमट्रॅककडे कारभार आला, १९७५ साली प्रतीक्षालय पुन्हा उघडलं, पण तो दिवा विझण्याआधीचा मोठा झालेला उजेड होता. शेवटची गाडी सुटली ती ५ जानेवारी १९८८ ला. फोर्डच्या त्या पाच डॉलरच्या घोषणेला त्या दिवशी बरोबर ७४ वर्षं झाली होती.

नुसतं स्टेशनच गेलं असं नाही. १९५० साली डेट्रॉइटची वस्ती १८ लाख ४९ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती ६ लाख ३९ हजार भरली. १९२६ साली बांधलेलं मिशिगन थिएटर म्हणजे चार हजार प्रेक्षकांचा राजवाडा. १९७७ च्या सुमारास आतून खरवडून त्याचा तीन मजली वाहनतळ केला. आजही नक्षीदार छताखाली मोटारी उभ्या असतात. आणि गंमत अशी, की हेन्री फोर्डने १८९६ साली आपली पहिली गाडी ज्या छपरीत बनवली, ती याच जागेवर होती. गाडीने आपली जन्मभूमी परत घेतली म्हणायची!

अशा शहरात कॅमेरेवाले येणारच. १९९५ साली कामिलो व्हर्गारा या छायाचित्रकाराने तर सुचवलं, की डाऊनटाऊनमधल्या रिकाम्या गगनचुंबी इमारती तशाच पडू द्याव्यात, अमेरिकेचं ॲक्रोपोलिस म्हणून जपाव्यात. पुढे २०१० साली दोन फ्रेंच छायाचित्रकारांचं डेट्रॉइटच्या अवशेषांवरचं देखणं पुस्तक आलं. चित्रपटवालेही आले, 'ट्रान्सफॉर्मर्स' या २००७ च्या चित्रपटात आमचं स्टेशन आहे. डेट्रॉइटचे लोक मात्र चिडले. या असल्या फोटोंना 'रुइन पॉर्न' असं नाव पडलं. शब्द शिसारी आणणारा आहे, आणि तसाच तो योजलेला आहे.

माझ्याबरोबर काम करणारे एक वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ होते. मी मोठ्या हौसेने माझे फोटो त्यांना दाखवले. त्यांनी शांतपणे सगळे पाहिले आणि म्हणाले, "छान आहेत. माझी आई अलाबामाहून आली ती याच दालनात उतरली. तुझ्या एकाही फोटोत माणूस नाही." मी म्हटलं, माणसं नव्हतीच तिथे. ते हसले आणि कामाला लागले. त्यांचं बोलणं मला तेव्हा पुरतं कळलं नाही. ते कळायला बाबा यावे लागले.

माझे बाबा साताऱ्याकडचे. वयाच्या अठराव्या वर्षी मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात चिकटले. आम्ही चाळीतल्या एका खोलीत सात माणसं. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते पाहण्याची गरज पडत नसे. भोंगा वाजला की पाळी सुटली, भोंगा वाजला की पाळी भरली. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमारास यंत्रांची पूजा असे, त्या दिवशी घरच्यांना आत नेता येई. आयुष्यात मी गिरणी आतून पाहिली ती फक्त अशी. एरवी कान किटवणारे ते शेकडो साचे गप्प उभे, त्यांना झेंडूच्या माळा, कुंकू लावलेलं, जमीन झाडून लख्ख. मी बाबांचं बोट धरून त्या शांततेतून चालायचो. ते आपल्या साच्यावर हात ठेवून म्हणायचे, "हा आपला."

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे कधी घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. बाबांना परत घेतलं नाही. दादरला एका इमारतीवर ते वॉचमन झाले. मी तोवर माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून इंजिनियर झालो होतो. १८८७ साली ही संस्था निघाली ती गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ घडवण्यासाठीच. गिरणीतल्या माणसाचा पोरगा त्या संस्थेत शिकला आणि गिरण्या बुडत असताना मोटारींच्या गावी निघून आला. हिशेब तसा सरळ आहे, पण मांडायला बसलं की हात थबकतो.

१९९६ च्या उन्हाळ्यात आई-बाबा अमेरिकेला आले. नायगारा झाला, शिकागो झालं. एक दिवस मी बाबांना एकट्यांना घेऊन स्टेशनापाशी गेलो. समोरच्या रूझवेल्ट पार्कला गाडी लावली आणि माझं व्याख्यान सुरू केलं. रोमन कमानी, ग्रँड सेंट्रल, अठरा मजले. खिडक्यांना काच उरली नव्हती. मनोऱ्याच्या अलीकडून पलीकडचं आभाळ दिसत होतं. बाबा मागे हात बांधून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं,

"कामगारांचं गेट कुठलं?"

मला सांगता येईना. मी आत जाऊन आलो होतो, सत्तर फोटो काढले होते, वास्तुकारांची नावं पाठ होती. कामगार कुठून आत जात, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

बाबा कुंपणाच्या कडेकडेने चालू लागले. मी मागे. इमारतीला अर्धा वळसा घातल्यावर ते एका बारक्या, फळ्या ठोकलेल्या दारासमोर थांबले. म्हणाले, "हे असंल. पुढल्या एवढ्या मोठ्या दारातनं कामगाराला कोण सोडतंय?" मग जरा वेळाने, "बंद झालं तवा देणी मिळाली का रं समद्यांची?"

तेही मला माहीत नव्हतं.

परतताना गाडीत ते म्हणाले, "आमच्या खात्यात पण आता असंच गवत उगवलं असंल." संपानंतर चौदा वर्षांत ते गिरणीच्या त्या रस्त्याने एकदाही गेले नव्हते. भाजी आणायची तरी लांबून वळसा घालून. मी मात्र परक्या शहरातली तसलीच इमारत पाहायला कुंपणाखालून सरपटत गेलो होतो, आणि ती मला सुंदर वाटली होती.

तेव्हा मला त्या सहकाऱ्याचं बोलणं कळलं. ओसाड इमारतीची ओढ ही बहुतेक वेळा दूरच्या माणसाची ओढ असते. ज्याचं तिथे काही गेलं नाही, त्याला तिथे सौंदर्य दिसतं. ज्याचं गेलं, तो वळसा घालून जातो. जॉन स्मिथला अजिंठा 'सापडला' तसं मला स्टेशन सापडलं होतं. डेट्रॉइटच्या माणसाचं ते हरवलंच नव्हतं. रोज कामाला जाताना ते त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. आपण परदेशी राहणारी माणसं तर दोन्ही बाजूंची आहोत. इथल्या पडझडीचे पाहुणे, आणि तिथल्या पडझडीचे वारस. एका डोळ्याने फोटो काढायचा आणि दुसऱ्याने वळसा घालायचा.

आणखी एक कळलं. त्या रविवारी स्टेशनात माझ्या अंगावर काटा आला, तो केवळ रोमन कमानींमुळे नव्हता. शांत उभी असलेली मोठी वास्तू मी लहानपणी पाहिली होती. पण दसऱ्याची शांतता वेगळी. ती सुट्टीची शांतता. सुट्टी संपली की भोंगा वाजणार, हे ठाऊक असलेली. स्टेशनात मी बहुधा तीच शोधत होतो, आणि तिथे मिळाली ती दुसरीच.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. मुंबईत १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट खुली केली. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला, जिथे चिमण्या होत्या तिथे मनोरे आले. बाबांची गिरणीही गेली. ते २००३ साली वारले. इकडे डेट्रॉइटमध्ये २००९ साली नगर परिषदेने स्टेशन पाडण्याचा ठराव केला. इमारत १९७५ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत होती, त्या आधारे एक नागरिक कोर्टात गेला, आणि पाडकाम झालं नाही. २०१३ साली शहराचंच दिवाळं निघालं. मग २०१८ साली एका खरेदीदाराने नऊ कोटी डॉलर मोजून स्टेशन विकत घेतलं. तो खरेदीदार म्हणजे फोर्ड मोटर कंपनी!

सहा वर्षं काम चाललं. तळघरातलं पाणी उपसलं, कमानींच्या छतातल्या २९ हजार फरश्या एकेक करून तपासल्या. विक्रीची बातमी आली तेव्हा एका संग्रहालयात निनावी फोन आला. कधीकाळी चोरीला गेलेलं स्टेशनाचं घड्याळ परत करायचं आहे म्हणून! सांगितलेल्या जागी, एका जळक्या इमारतीला टेकवून, चादरीत गुंडाळलेलं ते मिळालं. २०२१ साली भिंतीच्या नक्षीकामामागे बिअरची एक बाटली सापडली. आत चिठ्ठी, तिच्यावर जुलै १९१३ ची तारीख आणि दोन कारागिरांची नावं. जॉन स्मिथनेही नाव लिहिलं आणि यांनीही लिहिलं. पण यांनी आपण केलेल्या कामात लिहिलं, कुणाच्या चित्रावर नाही, आणि कुणाला दिसेल अशा जागीही नाही.

६ जून २०२४ ला स्टेशन पुन्हा उघडलं, आणि पुढचे काही दिवस ते लोकांना आतून पाहता येणार होतं. आम्हीही गेलो, या खेपेला पुढच्या दाराने. तीस वर्षांपूर्वी ज्या दालनात मी एकटा होतो, तिथे पाऊल ठेवायला जागा नव्हती. व्हीलचेअरवरच्या आजीबाई नातवंडांना बोटाने दाखवत होत्या. कुणाचे वडील इथे हमाल होते, कुणाचा भाऊ इथून युद्धावर गेला होता. ओसाड काळात भिंतींवर रंगवलेली काही चित्रं, अक्षरं मुद्दाम तशीच ठेवली आहेत. ते मला आवडलं. मधली वर्षं पुसून टाकली असती, तर ती खोटी दुरुस्ती झाली असती. तरीही सांगायला हवं, की वरच्या मजल्यांवर आता येणारी कामं संगणकावरची, नव्या शिक्षणाची आहेत. १९८८ साली ज्यांची नोकरी गेली, त्यांचा हिशेब घड्याळासारखा चादरीत गुंडाळून कुणी परत आणून दिलेला नाही.

बाहेर आल्यावर मी इमारतीला वळसा घालून बाबांनी दाखवलेलं ते बारकं दार शोधलं. मला ते सापडलं नाही. बहुधा बुजवलं असेल, किंवा मीच चुकीच्या बाजूला शोधत असेन.

घरी येऊन खोकं पुन्हा उघडलं. सत्तर फोटोंच्या तळाशी एक वेगळा निघाला, १९९६ चा. त्यात ना मनोरा आहे ना कमानी. कुंपणाची जाळी आहे, एक फळ्या ठोकलेलं दार आहे, आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे असलेले बाबा. सौ. ना म्हटलं, बाकीचे टाकायला हरकत नाही. हा राहू दे.